साडेतीन टक्के

जुलैच्या दुपारी मनामात कुणी पायी चालत नाही.
मी चालते. बसथांब्यापासून सात मिनिटं.
प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, चार संगणक
आणि गळक्या एसीखाली निळी बादली.

पहिल्या दिवशी डॉ. बदरियांनी विचारलं, "किती गेले?"
मला वाटलं, बसचे पैसे विचारतायत.
"तुझ्यातून," त्या म्हणाल्या,
"दारापासून या खुर्चीपर्यंत."

मग फळ्यावर लिहिलं : विश्वाचं वय, एक सेकंद.
तेव्हा गर्दी जराशी विरळ झाली
आणि न्यूट्रिनो कुणाचा निरोप न घेता निघाले.
अजून चालतच आहेत, थंड होत होत.
साखरेच्या खड्याएवढ्या जागेत या घडीला तीनशेच्या वर,
आणि त्या पहिल्या गर्दीतला
एकही आजवर कुणाच्या हाती लागलेला नाही.

"मग आठ आठवडे मी काय पकडायचं?"
"पकडायचं काही नाही. एकदा त्यांना धरून विश्व मांड,
एकदा वगळून. आणि वजाबाकी कर."

आई शेजारच्या फिलिपिनो बाईला सांगते,
पोरगी भुतं मोजते, पगारही मिळत नाही.
बाबा हिद्दला, समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात,
पाळीवर. चोवीस वर्षं.
पाणी पलीकडे जातं, मीठ अलीकडे राहतं,
त्या पडद्यांवर ते नजर ठेवतात.
"दिसत नाही, लागत नाही,
तं मोजता कसे तुम्ही?" भद्रावतीची बोली
त्यांनी इथल्या उन्हातही वाळू दिली नाही.

मला एक उपमा सुचली होती.
एका देशातून आरपार जाणारा माणूस,
दर दोन वर्षांनी एक शिक्का,
कशाला न धडकता.
वहीत लिहिली, आवडलीसुद्धा.
मग खोडली.
बाबा धडकलेत. करंगळीचं पेर पंपात गेलंय,
एका वर्षी पाच महिने पगार नव्हता,
आणि युसूफच्या मुलीच्या लग्नात
ते इतके नाचले की बूट फाटला.

सहाव्या आठवड्यात दोन्ही विश्वं तयार झाली.
रेघेवर रेघ. फरक काहीच नाही.
रात्रभर शोधलं, तेव्हा सापडलं :
वस्तुमानाच्या जागी शून्य तसंच राहिलं होतं.
मला वाटलं, बाई रागावतील.
त्या हसल्या. "बिनवजनाचे समजलीस त्यांना.
आम्हीही कित्येक वर्षं तेच समजत होतो."

पुन्हा मांडलं. तीन रात्री पंखे घुमत राहिले.
चौथ्या पहाटे, घरी, स्वयंपाकघराच्या टेबलावर
खालची रेघ वरचीपासून सुटली.
जिथे दीर्घिका दाट व्हायच्या
तिथे किंचित कमी दाट.

बाबा रात्रपाळी करून आले तेव्हा
मी अजून तिथेच बसले होते.
"हे काय, श्रावस्ती?"
"फरक. साडेतीन टक्के."
"बाप्पा! एवढासाच?"
मी काही बोलले नाही.
ते खाली वाकले, बुटाची नाडी सोडता सोडता थांबले.

"समुद्रातही मीठ तेवढंच असते," ते म्हणाले.
"आपल्या आखातात जरा जास्त. ऊन पाणी पिऊन टाकते ना.
पण बाकी साऱ्या दुनियेत, साडेतीन."
नाडी तशीच हातात.
"तेवढ्यासाठीच तं उभा आहे एवढा कारखाना."

मग एका पायात बूट, एका पायात मोजा,
तसेच माझ्या खुर्चीमागे आले.
"दोन्ही दाखव. ते असलेलं आणि ते नसलेलं."
मी शेजारी शेजारी लावली :
जाळ्यासारखी दोन विश्वं, तंतोतंत सारखी.
डोळ्यांना हा फरक दिसत नाही,
हे मी त्यांना सांगितलं नाही.

ते बराच वेळ शोधत राहिले.
चष्मा वर केला, खाली केला.
फ्रिज घरघरला, थांबला. बाहेर फजरची अजान झाली.
"इथं?" त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं.

बोट उचललं तर तिथे
मिठाचा एक पुसट ठसा.

"हो," मी म्हटलं. "तिथेच कुठेतरी."